शस्त्रक्रियेपूर्वीची भीती ही अविश्वासाची खूण आहे का?

प्रश्न | वसईतला एक वाचक

सर्वांना जय ख्रिस्त. माझे वय ५३ आहे. हृदयाच्या एका झडपेचे तोंड अरुंद होत गेल्यामुळे ती बदलण्याची शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात मुंबईत ठरली आहे. डॉक्टरांनी दिलेली तारीख नेमकी पहिल्या शुक्रवारची, म्हणजे येशूच्या पवित्र हृदयाच्या भक्तीच्या दिवसाची आहे. माझी पत्नी याला शुभचिन्ह मानते. मी मानत नाही, पण तिला तसे सांगितलेले नाही.

धोका फार नाही असे डॉक्टरांनी समजावून सांगितले आहे आणि दिवसा ते मला पटतेही. रात्री अडीचच्या सुमारास मात्र जाग येते आणि मी मनगटावर बोटे ठेवून, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत, नाडीचे ठोके मोजत बसतो. एखादा ठोका चुकल्यासारखा वाटला की पुन्हा पहिल्यापासून मोजतो. पत्नी शेजारी डोळे मिटून पडलेली असते, पण तीही जागी असते हे तिच्या श्वासावरून मला कळते.

गेली कित्येक वर्षे मी रविवारच्या मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, बायबल वाचणारा वाचक म्हणून उभा राहतो. यशयाच्या ग्रंथातले 'तू भिऊ नकोस, कारण मी तुझ्याबरोबर आहे' हे शब्द मी खणखणीत आवाजात किती वेळा वाचले असतील याची गणती नाही, आणि आता तेच शब्द मला लागू पडत नाहीत याची लाज वाटते. त्यात भर म्हणजे एका प्रार्थनासभेत मी मन मोकळे केले, तेव्हा सभा चालवणाऱ्या गृहस्थांनी सर्वांसमोर सांगितले की भीती हे सैतानासाठी उघडे ठेवलेले दार आहे आणि पूर्ण विश्वास असलेल्या माणसाला झोपेच्या गोळीची गरज पडत नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेली ती गोळी तेव्हापासून कपाटात तशीच पडून आहे.

आणखी एक अडचण आहे. शस्त्रक्रियेआधी फादरांकडून आजाऱ्यांचा तैलाभ्यंग, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा संस्कार, घ्यावा असे मला वाटते, पण आई ऐकायला तयार नाही. माझ्या आजोबांना तेल लावले त्याच रात्री ते गेले, आणि तेव्हापासून आमच्या घरात त्या संस्काराचे नाव निघाले तरी ती क्रूसाची खूण करते आणि विषय बदलते. ती ८१ वर्षांची आहे आणि तिला दुखवावेसे वाटत नाही.

माझा मूळ प्रश्न असा की, देवावर भाव ठेवणारा माणूस इतका घाबरू शकतो का? की मी इतकी वर्षे नुसतेच वाचत होतो?

उत्तर १ | निवृत्त शिक्षक, धर्मशिक्षणाचे वर्ग घेतो

आपण विचारले आहे की भाव ठेवणारा माणूस इतका घाबरू शकतो का. अटकेच्या आधी गेथशेमानेच्या बागेत प्रभू येशूचे जे झाले ते शुभवर्तमानकारांनी लपवले नाही, यातच या प्रश्नाचे उत्तर आहे असे मला वाटते. संत मार्क लिहितो की प्रभू येशू अत्यंत अस्वस्थ व व्याकूळ झाला. संत लूक घामाची तुलना जमिनीवर पडणाऱ्या रक्ताच्या थेंबांशी करतो आणि प्रभूला शक्ती देण्यासाठी देवदूत आल्याचेही सांगतो. दुःखाचा पेला दूर कर अशी विनवणी त्याने देवपित्याला केली, आणि तरीही माझ्या इच्छेप्रमाणे नव्हे, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, असे म्हटले. भीती हे पाप असते, तर ज्याच्या ठायी पाप नव्हते त्याच्या ठायी ती कशी आली, याचा खुलासा त्या सभा चालवणाऱ्या गृहस्थांनी करावा.

या प्रसंगाचा विचार ज्याने स्वतःच्या मरणाच्या छायेत बसून केला, तो संत थॉमस मोर मला अशा वेळी आठवतो. इंग्लंडच्या राजाच्या वारसाविषयीच्या कायद्याची शपथ नाकारल्यामुळे तो १५३४ च्या एप्रिलपासून लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत होता आणि ६ जुलै १५३५ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. कैदेत त्याने प्रभूच्या बागेतल्या वेदनेवर चिंतन लिहिले. त्यात तो भित्र्या माणसाला दूर लोटत नाही. जे हुतात्मे हसत मरणाला सामोरे गेले त्यांच्यामागून धावण्याची ज्याची ताकद नाही, त्याने प्रभूच्या वस्त्राचे टोक धरून त्याच्या मागून चालावे, कारण त्याच्यासारख्यांसाठीच प्रभूने ही भीती अंगावर घेतली, असा त्याचा आशय आहे. मोर हे दुसऱ्यांना शिकवण्यासाठी लिहीत नव्हता. मुलीला धाडलेल्या पत्रात त्याने कबूल केले आहे की आपला स्वभाव दुखण्याला इतका भिणारा आहे की साध्या टिचकीचेही भय वाटते. टिचकीला भिणारा हा माणूस पुढे कुऱ्हाडीखाली मान ठेवतो, आणि चर्च त्याला संत म्हणते.

आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांच्याबद्दल आपण मुलांना नेहमी निर्भय असे विशेषण लावून सांगतो. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत त्यांना २५ साथीदारांसह क्रूसावर चढवण्यात आले. त्याआधी त्यांच्या कानाचा तुकडा कापून, ऐन हिवाळ्यात, शेकडो मैलांची वाट चालवत त्यांना तिथे नेले होते. त्या वाटेवरच्या रात्री त्यांच्या मनात काय चालले होते हे आपल्या वेदीवरची मूर्ती सांगत नाही. विशेषण आपण नंतर जोडले आहे. ते चालत राहिले, एवढेच आपल्याला ठाऊक आहे.

उत्तर २ | परिचारिका, हृदयरोग विभागात २२ वर्षे

दादा, आधी गोळीविषयी लिहिते. ती डॉक्टरांना विचारून घ्या, आणि इतके दिवस घेतली नाही हेही त्यांना मोकळेपणाने सांगा. झोप नसलेला रुग्ण शस्त्रक्रियेला थकून येतो, आणि अशा थकव्यात कोणाचाही रक्तदाब जागेवर राहत नाही. आपल्या कॅथलिक बायबलात सिराख नावाचा ग्रंथ आहे. त्याच्या ३८ व्या अध्यायात सांगितले आहे की वैद्याचा मान राख, कारण त्यालाही देवानेच निर्माण केले आहे, आणि परमेश्वराने जमिनीतून औषधे उपजवली आहेत, शहाणा माणूस ती तुच्छ मानत नाही. त्याच अध्यायात आजारपणात प्रार्थना कर असेही आहे. दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगितल्या आहेत.

आता तेलाविषयी. आपल्या आईंची समजूत एकट्या त्यांची नाही, एक आख्खी पिढी तशी वाढली आहे. पूर्वी हा संस्कार शेवटच्या घटकेपर्यंत लांबवला जात असे, म्हणून लोकांनी त्याचा संबंध थेट मरणाशी जोडला. आजोबा तेलामुळे गेले नाहीत, ते जाणार होते म्हणून तेल उशिरा का होईना आणले गेले, हे आईंना हळूच सांगून पाहा. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्पष्ट केले की हा संस्कार केवळ मरणाच्या दारात असलेल्यांसाठी नाही, आणि गंभीर शस्त्रक्रियेपूर्वी तो घेणे उचित आहे असे चर्चची शिकवण सांगते. पुढे आजार बळावला तर तो पुन्हाही घेता येतो. या संस्काराने मिळणाऱ्या कृपांमध्ये पहिली कोणती सांगितली आहे ते तुम्हाला मुद्दाम सांगते: बळ, शांती आणि धीर. म्हणजे तुमच्यासारख्या रात्री अडीचला जागणाऱ्या माणसांना डोळ्यांपुढे ठेवूनच हा संस्कार आहे.

संस्कार मोठा नसतो. फादर मस्तकावर शांतपणे हात ठेवतात, प्रार्थना करतात, आणि मग कपाळाला व दोन्ही तळहातांना तेल लावतात. प्रभूने आपल्या प्रेमाने व दयेने पवित्र आत्म्याच्या कृपेद्वारे तुला साहाय्य करावे, पापातून मुक्त करून तुला तारावे आणि उठवावे, अशा अर्थाचे शब्द असतात. त्यातल्या 'उठवावे' या शब्दापाशी मी पुष्कळ रुग्णांना रडताना पाहिले आहे. तेल लावण्याचा अधिकार फक्त धर्मगुरूंना आहे, त्यामुळे आयत्या वेळी धर्मभगिनींना किंवा कम्युनियन, म्हणजे ख्रिस्तशरीराची पवित्र भाकर, आणून देणाऱ्या सेवकांना तसे सांगून उपयोग नसतो. वसईतच, घरी, इस्पितळात दाखल होण्याच्या एक-दोन दिवस आधी उरकून घ्या. पापनिवेदनही त्याच वेळी होते.

काही बारीक गोष्टी, ज्या कोणी सांगत नाही. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री ठरावीक वेळेनंतर तोंडात काहीही घालू देत नाहीत, म्हणून ख्रिस्तशरीर संध्याकाळीच स्वीकारा. शस्त्रक्रियागृहात जाताना गळ्यातला क्रूस, स्कॅप्युलर (गळ्यात घालायचे पवित्र कापडी पदक), अंगठी आणि जपमाळ हे सारे काढून घेतले जाते. मी कित्येक धीट माणसांना त्या क्षणी खचताना पाहिले आहे, कारण इतका वेळ मुठीत धरलेली एकच वस्तू कोणीतरी पिशवीत घालून नातेवाइकांकडे देते. आजच पत्नीशी बोलून ठेवा की जपमाळ त्यांनी धरायची. तुमच्याकडे दहा बोटे राहतात, आणि जपमाळेच्या एका दशकाला, म्हणजे दहा 'नमो मरिये'ला, तेवढी पुरतात. ट्रॉलीवर छताचे दिवे मोजत जाण्यापेक्षा ते बरे.

उत्तर ३ | प्रार्थना गटातला एक सभासद

आपल्याला सर्वांसमोर असे बोलले गेले याचे मला, स्वतः एका प्रार्थना गटात असल्यामुळे, वाईट वाटले. तरीही इथल्या चर्चेत एक बाजू निसटते आहे असे मला वाटते. 'भिऊ नकोस' हे वाक्य बायबलमध्ये ३६५ वेळा, म्हणजे वर्षातल्या प्रत्येक दिवसासाठी एकदा, आलेले आहे. ते नुसते सांत्वन नाही, ती आज्ञा आहे. प्रभूचा शिष्य पेत्र पाण्यावरून चालत असताना वाऱ्याकडे पाहून भ्याला आणि बुडू लागला, आणि प्रभूने त्याला अल्पविश्वासी म्हटले. भीतीला नैसर्गिक म्हणून मोकळे सोडले तर ती माणसाच्या डोक्यावर बसते. मी स्वतः नोकरी गेल्यानंतर वर्षभर तसाच जगलो आणि गटातल्या स्तुतिप्रार्थनेनेच मला त्यातून बाहेर काढले. त्या गृहस्थांची पद्धत चुकली असेल, पण भीतीशी लढावे लागते हे खोटे नाही.

उत्तर १ चे लेखक पुन्हा

भीतीशी लढावे लागते, हे मान्य. ३६५ चा आकडा मात्र व्हॉट्सॲपवर फिरणारा आहे. कोणत्याही भाषांतरात मोजून पाहिले तरी तो तसा येत नाही, आणि आपल्या श्रद्धेला त्याची गरजही नाही.

पेत्राच्या गोष्टीत संत मत्तयने वाक्यांचा जो क्रम ठेवला आहे, तो आपण एकदा पुन्हा वाचावा अशी विनंती आहे. पेत्र 'प्रभू, मला वाचवा' असे ओरडतो. येशू तत्क्षणी हात पुढे करून त्याला धरतो. अल्पविश्वासी हा शब्द त्यानंतर येतो. बुडणाऱ्याला काठावरून उपदेश करून मग हात दिला, असे तिथे लिहिलेले नाही. आपल्या सभांमध्ये हा क्रम पुष्कळदा उलटा होतो, आणि प्रश्नकर्त्यांच्या बाबतीत नेमके तेच झाले.

येशूने वादळ शांत केल्याच्या प्रसंगातही शिष्यांचा सूर तक्रारीचाच आहे: गुरुजी, आम्ही बुडतो आहोत याची तुम्हाला काळजी नाही काय? २७ मार्च २०२० रोजी, महामारीच्या काळात, पावसात भिजलेल्या रिकाम्या संत पेत्राच्या चौकात पोप फ्रान्सिस यांनी याच उताऱ्यावर प्रवचन केले. त्यांनी दाखवून दिले की शिष्यांनी विश्वास सोडला नव्हता, कारण ते त्यालाच हाका मारत होते. त्यांची चूक एवढीच की त्याला आपली पर्वा नाही असे त्यांना वाटले. माझ्या समजुतीप्रमाणे भाव ठेवण्याची परीक्षा इथे होते. भीती वाटली की नाही यापेक्षा, भ्यालेल्या माणसाने हाक कोणाला मारली हे मी पाहतो. प्रश्नकर्त्यांनी रात्री अडीचला नाडी मोजण्याऐवजी प्रभूला शिष्यांसारखीच तक्रार करून पाहावी. शब्द सभ्य नसले तरी चालतील, स्तोत्रकर्त्यांचेही नेहमी नव्हते.

उत्तर ४ | नालासोपारा येथील एक भगिनी

लिहावे की नाही याचा दोन दिवस विचार केला, कारण आमच्या घरी शस्त्रक्रिया यशस्वी झाली नव्हती, आणि शस्त्रक्रियेची वाट पाहणाऱ्या माणसाला हे सांगणे बरे नव्हे. पण तुमचा प्रश्न परिणामाविषयी नाही, म्हणून लिहिते. आज वाचवत नसेल तर नंतर कधीतरी वाचा.

माझ्या पतींच्या शस्त्रक्रियेपूर्वी मी वांद्र्याला माउंट मेरीच्या देवळात गेले होते. बाहेरच्या ठेल्यांवर मेणाचे हात, पाय, घरे, बाळे मिळतात हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे. मी मेणाचे हृदय घेतले. विकणारीने ते वर्तमानपत्रात गुंडाळून दिले, आणि उन्हाने त्याची एक कड माझ्या हातातच मऊ झाली होती. ते मी पवित्र मरियेपुढे ठेवले आणि मनात अगदी ठरवून टाकले की आता काम झाले. सहा दिवसांनी माझे पती गेले. पुढची दोन वर्षे मी वांद्र्याला पाय ठेवला नाही. मला देवाचा राग आला होताच, पण त्याहून जास्त त्या मेणाच्या हृदयाचा आला होता, जणू दुकानदाराने खोटा माल दिला.

नवस वाईट असतो असे मी म्हणत नाही. आमच्या आजीने केले, मीही पुढे केले असतील. पण मी त्या दिवशी जे केले त्यात भाव नव्हता, सौदा होता. ते बरे होतील यावर माझा विश्वास होता, आणि तोच देवावरचा विश्वास आहे असे मी धरून चालले होते. इब्री लोकांस पत्रात एक वाक्य आहे, ते मला नंतर एका सिस्टरने दाखवले. ख्रिस्ताने मरणातून तारू शकणाऱ्याकडे मोठ्याने आक्रोश करून, आसवे गाळून प्रार्थना केली आणि ती ऐकली गेली, असे तिथे म्हटले आहे. ऐकली गेली, आणि तरी तो शुक्रवारी क्रूसावर मरण पावला. हे वाक्य मी अनेक महिने चघळत होते. अजूनही ते मला पूर्ण कळले आहे असे नाही, पण कोणी मला तुझी प्रार्थना कमी पडली असे म्हटले तर मी आता हेच वाक्य पुढे करते.

माझे पती शेवटपर्यंत घाबरलेले होते. आत नेताना त्यांनी माझा अंगठा, लहान मूल धरते तसा, मुठीत धरला होता आणि दुसऱ्या हाताने ते बोटांवर 'नमो मरिये' म्हणत होते. त्या प्रार्थनेत आपण मरियेकडे दोनच वेळांसाठी मागणे करतो, आता आणि आमच्या मरणाच्या वेळी. मधल्या कोणत्याही तारखेचा त्यात उल्लेख नाही. ज्या रात्री मला उद्याची भीती वाटते, त्या रात्री मी 'आता' या शब्दापाशी थोडी थांबते आणि तेवढ्यापुरतेच मागते. दादा, तुमच्यासाठी आजपासून रोज एक दशक म्हणेन.

प्रश्नकर्ता

आपण सर्वांनी इतक्या मनापासून लिहिले, त्याबद्दल आभार. भगिनी, आपले उत्तर मी त्याच दिवशी वाचले, आणि नंतर पत्नीलाही वाचून दाखवले. त्या रात्री आम्ही दोघांनी पहिल्यांदा झोपल्याचे सोंग घेतले नाही. उठून स्वयंपाकघरात बसलो, तिने कोरा चहा केला, आणि तिला माझ्यापेक्षा अधिक भीती वाटते आहे असे तिने सांगितले. मला ते माहीत नव्हते.

डॉक्टरांना दूरध्वनी केला. गोळी सुरू केली आहे. भीती गेलेली नाही. ती तशीच येते, पण आता पाच-सहा तास झोप लागते, आणि जाग आली की मी नाडी धरत नाही, निदान पहिल्यासारखी धरत नाही. शिक्षकांनी सांगितल्याप्रमाणे तक्रार करू लागलो आहे. सुरुवातीला फार संकोच वाटला, कारण वाचक म्हणून दुसऱ्यांचे शब्द नीट उच्चारण्याची सवय आहे, स्वतःचे शब्द देवापुढे कधी असे मांडले नव्हते. प्रार्थना गटाच्या बंधूंनाही धन्यवाद. आपल्या गटात एखाद्या बुधवारी येऊन बसेन, मात्र शस्त्रक्रियेनंतर.

फादरांशी बोललो. ते मंगळवारी संध्याकाळी मिस्सानंतर घरी येणार आहेत. आईला परिचारिका ताईंचे सगळे म्हणणे सांगितले. तिने अजून होकार दिलेला नाही, आणि त्या वेळी आपण मागच्या खोलीत बसू असे ती म्हणते. पण काल दुपारी भांडी लावता लावता तिने विचारले की फादरांसाठी टेबलावर कोणती चादर घालायची, आणि आजोबांच्या वेळचा पितळी क्रूस माळ्यावरून काढायचा का. माझ्याकडे उत्तर नव्हते. ताई, टेबलावर काय काय मांडायचे असते?

उत्तर २ च्या लेखिका पुन्हा

पांढरे कापड, मधे क्रूस, दोन मेणबत्त्या, आणि हात पुसायला फादरांसाठी थोडा कापूस. पितळी क्रूस चिंचेने घासायचे काम आईंनाच द्या. आणि वार्धक्याने क्षीण झालेल्यांनाही हा संस्कार घेता येतो, हे त्या घासत असताना त्यांच्या कानावर पडू द्या. मागच्या खोलीत खुर्ची ठेवायची असेल तर दाराजवळ ठेवा.